रोजनिशी लिहायला घेताना

रोजनिशी सुरू करायची आहे, सुरू केली पण टिकत नाही, लिहिलेलं जपायचं कसं, लपवायचं कसं, अशी बरीच पत्रं या वेळी आली. एकसारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरं दिली आहेत.

दरवर्षी १ जानेवारीला हौसेने डायरी लिहायला घेते. बँकेची नाहीतर विम्याची भेट आलेली डायरी घरात असतेच. संक्रांतीपर्यंत रोज, मग एक दिवसाआड, आणि फेब्रुवारीत पानं कोरी. माझ्यात चिकाटीच नाही का? (एक वाचक, नाशिक)

चिकाटीला बोल लावू नका, आधी ती डायरी बघा. तारखा छापलेल्या डायरीत प्रत्येक दिवसाला एक पान ठरलेलं असतं. ज्या दिवशी चारच ओळी सुचतात त्या दिवशी उरलेलं पान रिकामं दिसतं. ज्या दिवशी खूप लिहायचं असतं त्या दिवशी जागा पुरत नाही. आठवडा राहून गेला की सात कोरी पानं समोर येतात, ती भरायला माणूस बसतो, मंगळवारी काय झालं ते काही केल्या आठवत नाही, आणि वही मिटते ती मिटतेच. डायरी बंद पडते ती बहुतेक वेळा या भरून काढण्याच्या धडपडीत.

म्हणून साधी एकरेघी वही घ्या आणि तारीख स्वतःच्या हाताने घाला. वार, तारीख, पूर्ण साल, गाव. ‘८/५’ एवढंच लिहू नका. दहा वर्षांनी ते कुठलं साल हे तुम्हालाच कळणार नाही. मधले दिवस चुकले तर ते सोडून द्या. ‘इतके दिवस लिहिलं नाही, आता नियमित लिहीन’ हे वाक्यही नको. आजची तारीख घाला आणि आजचं लिहा. मधल्या दिवसांतलं काही महत्त्वाचं असेल तर ते आजच्याच तारखेखाली ‘गेल्या रविवारी’ असं म्हणून येऊ दे.

वेळेचं म्हणाल, तर ‘झोपण्यापूर्वी’ ही सगळ्यांत जास्त सांगितली जाणारी आणि सगळ्यांत जास्त फसणारी वेळ. अंग अंथरुणाला टेकलं की हातात वही येत नाही, मोबाईल येतो. रोज न चुकता घडणाऱ्या एखाद्या कामाला लिहिणं जोडा: रात्री ओटा पुसून झाला की तिथेच स्वयंपाकघराच्या टेबलावर, किंवा सकाळच्या चहाबरोबर कालच्या दिवसाबद्दल. सकाळी कालचं लिहिण्याची पद्धत आम्हाला जास्त पसंत आहे, कारण रात्रभरात फालतू गोष्टी गळून जातात आणि राहायचं ते राहतं. वही कपाटात ठेवू नका. जिथे लिहायचं तिथेच, पेन आत खोचून.

प्रमाण ठरवताना खालची मर्यादा तीन ओळी आणि वरची दहा मिनिटं. पहिला महिनाभर वरची मर्यादाही पाळा. पहिल्या आठवड्यात चार-चार पानं लिहिणारे तिसऱ्या आठवड्यात थांबतात, कारण चार पानांना बसायचं दडपण येतं. दहा मिनिटं संपली आणि अजून सांगायचं असेल तर शेवटी एक-दोन शब्दांची खूण करून ठेवा. उद्या सुरुवात शोधावी लागणार नाही.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी खाण्यापिण्याच्या आणि व्यायामाच्या सवयी अंगवळणी पडायला किती दिवस लागतात हे तपासलं होतं. मध्यक (निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त) ६६ दिवस आला, पण माणसामाणसांतला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता, आणि एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा अडथळा येत नव्हता. ‘२१ दिवसांत सवय’ हे ऐकून बाविसाव्या दिवशी नाउमेद होऊ नका.

माझा दिवस रोज सारखाच असतो. स्वयंपाक, दुकान, हिशेब, झोप. ‘आजचा दिवस बरा गेला’ यापुढे पेन सरकत नाही. (एक वाचक, लातूर)

‘बरा गेला’ हा दिवसावरचा शेरा झाला. शेरे रोज सारखेच असतात. दिवस सारखे नसतात, हे शेरा काढून टाकला की दिसायला लागतं. ‘आज उन्हाळी काम केलं. दमले. घरात थोडी कुरबुर झाली,’ ही नोंद बघा. आता तीच अशी:

‘गुरुवार, ८ मे २०२५, लातूर. सहाला गच्चीवर कुरडया घातल्या. चिकात मीठ जास्त पडलं म्हणून आई काकूवर चिडल्या. काकू काही बोलल्या नाहीत, सोऱ्या माझ्या हातात देऊन खाली गेल्या. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नाही. संध्याकाळी काकूंनीच चहा केला, आईंचा पहिला.’

पाचच ओळी आहेत. कोण कुणावर रागावलं, कोण गप्प राहिलं, समेट कसा झाला, सगळं आलं, आणि ‘वाईट वाटलं’, ‘बरं वाटलं’ असं एकदाही लिहावं लागलं नाही. दोन वर्षांनी वाचताना पहिल्या नोंदीतून काहीच उभं राहणार नाही. दुसरीतून ती गच्ची उभी राहील.

रोज बसल्यावर स्वतःला पुढच्यांपैकी एकच प्रश्न विचारा, सगळे नकोत: आज कुणाच्या तोंडचं कुठलं वाक्य लक्षात राहिलं? (ते त्यांच्याच शब्दांत लिहा, बोलीसकट.) आज काय पहिल्यांदा दिसलं, मिळालं किंवा संपलं? कशावर किती पैसे गेले? कशाचा राग आला आणि तो कुणाला दाखवला नाही? रागाचं उत्तर लिहायला जड जातं, पण सगळ्यांत जास्त हाती लागतं तेही तिथेच.

पैशांच्या प्रश्नाला कमी लेखू नका. पुण्याच्या पुराभिलेखागारातल्या पेशवे दफ्तरात रोजकिर्दी आहेत, म्हणजे दिवसवार जमाखर्चाच्या नोंदी. लिहिणाऱ्या कारकुनांना इतिहास लिहायचा नव्हता, पण कुणाला काय दिलं, कशाला किती लागलं यातूनच अभ्यासकांना त्या काळाचं रोजचं जगणं दिसतं. तुम्ही दुकान चालवता, रोजचा भाव तुमच्या तोंडावर असतो. तूरडाळ आज काय भावाने गेली आणि कुणी उधारीवर नेली, हे आधी लिहा. त्यामागोमाग माणसं येतात.

वही आणि पेन कोणतं घ्यावं? आमच्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांनाही बुरशी धरते. (एक वाचक, कणकवली)

महागडी, चामड्याच्या कव्हरची वही पहिल्या वर्षी नको. चांगल्या वहीत वाईट अक्षर काढायला हात धजत नाही, आणि रोजनिशीत वाईट अक्षराला, खोडाखोडीला मुभा हवीच. शाळेच्या साध्या वह्यांचा कागद बहुधा ५४ ते ६० जीएसएमचा (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) असतो. त्यावर बॉलपेन चालतं, पण शाईपेनाची शाई पसरते आणि मागच्या पानावर उतरते. शाईपेनाने लिहायचं असेल तर ७० ते ८० जीएसएमचा कागद बघा. आकार ए-५, म्हणजे ए-४ च्या निम्मा. बांधणी दोऱ्याने शिवलेली असावी. तारेच्या स्पायरलची वही उघडायला सोपी असते, पण कोकणात ती तार दोन पावसाळ्यांत गंजते आणि पानांवर तांबडे डाग पडतात. स्टेपलच्या पिनांचीही तीच गत. पहिल्या दिवशीच पानांना आकडे घाला आणि शेवटची चार पानं सूचीसाठी कोरी ठेवा. ‘बाबांचं ऑपरेशन, पान ४१’ अशी एक ओळ लिहायला काही सेकंद लागतात, आणि पाच वह्या झाल्यावर शोधाशोध वाचते.

शाई निवडताना दुकानदाराला विचारण्यापेक्षा स्वतः तपासा. दोन-तीन पेनांनी एकाच कागदावर ओळी लिहा आणि रात्रभर वाळू द्या. सकाळी प्रत्येक ओळीवर पाण्याचा थेंब टाकून पाच मिनिटांनी टिपून घ्या. फुटली ती शाई बाद. मग दुसरा तसाच कागद घ्या, त्याचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाका आणि महिनाभर उन्हाच्या खिडकीत ठेवा. उघडा भाग किती फिका पडला ते दिसेल. बॉलपेनची शाई तेलकट असल्याने पाण्याला टिकते, पण उजेडात हळूहळू उडते. रंगकणांची जेल शाई दोन्हीला टिकते. मात्र सगळी जेल पेनं तशी नसतात, म्हणून ही तपासणी. शाईपेनाची रॉयल ब्लू दिसायला सुंदर, पण ती धुतली जाते. छपरातून गळणाऱ्या घरात ती नको.

आता पावसाळा. हवेतली आर्द्रता ६५–७० टक्क्यांच्या वर राहिली की कागदावर बुरशी धरायला लागते, आणि तुमच्याकडे जून ते सप्टेंबर ती त्याहून वरच असते. लिहून झालेल्या वह्या घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. डबा थंडीत, हवा त्यातल्या त्यात कोरडी असताना भरा. जुलैत भरलात तर दमट हवाच आत कोंडाल. बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट टाळा, तीच भिंत पाणी पिते. कसर कागदापेक्षा बांधणीतल्या खळीवर आणि गोंदावर जास्त येते, तेव्हा वहीला वर्तमानपत्राचं कव्हर खळीने चिकटवू नका. वहीवर घट्ट रबरबँड नको. काही काळाने तो वितळून कव्हरला चिकटतो. सुती नाडी बांधा.

वही भिजलीच तर उन्हात टाकू नका. पानं वेडीवाकडी होतात, शाई उडते. दर दहा-बारा पानांमध्ये टिपकागद किंवा कोरा टिश्यू घाला, वही पंख्याखाली उभी, किंचित उघडी ठेवा आणि कागद ओला झाला की बदला. हे ४८ तासांच्या आत व्हायला हवं, कारण त्यानंतर बुरशी धरायला लागते. तेवढा वेळ नसेल, वीजच नसेल आणि शेजारी कुणाचा फ्रीज चालू असेल, तर वही प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून फ्रीझरमध्ये ठेवा. बुरशी तिथेच थांबते. वाळवायचं नंतर सावकाश.

मी दहावीत आहे. माझी डायरी आई वाचते आणि वरून त्यावर बोलते. मला लिहायचं आहे, पण घरात कुलूप लावायची जागा नाही. (एक वाचक, कोल्हापूर)

तुझी तक्रार खरी आहे. कुणी वाचेल असं वाटलं की पेन आपोआप जपून चालतं, आणि जपून लिहिलेल्या डायरीला डायरीपण राहत नाही. आधी एकदा आईशी सरळ बोलून बघ: ‘तुला काळजी वाटत असेल तर मला विचार, मी सांगेन. वही मात्र वाचू नकोस.’ हे ती वही हातात घेऊन बसलेली असताना बोलू नकोस, एरवी शांतपणे बोल. हे पत्र आईच वाचत असतील तर त्यांना एवढंच सांगायचं आहे की वाचलेल्या डायरीवर एकदा बोललात की मूल पुढचं सगळं लिहिणं थांबवतं. मग तुम्हाला ना वहीतून कळतं, ना तोंडून.

बोलून भागलं नाही तर मोडी लिपी शीक. मराठी माणसांचा रोजचा व्यवहार, पत्रं, हिशेब शतकानुशतकं मोडीत चालले, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती घराघरांत होती. आज ती येणारी माणसं मोजकी आहेत. (पणजोबांना येत असे, आईंना बहुधा येत नसेल.) भाषा तुझीच राहते, फक्त अक्षरं बदलतात, त्यामुळे मनातल्या मनात भाषांतर करत बसावं लागत नाही. मोडीत हात न उचलता सलग लिहितात, शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, आणि वेलांटी दीर्घ व उकार ऱ्हस्व एवढंच वापरण्याची रीत आहे. म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाची कटकट नाही. रोज अर्धा तास दिलास तर काही आठवड्यांत सावकाश का होईना लिहिता येतं. राज्याचं पुराभिलेख संचालनालय आणि पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग घेतात. वेगळ्या लिपीचा आसरा घेणारी तू पहिली नाहीस. लंडनच्या सॅम्युअल पीप्स या सरकारी अधिकाऱ्याने १६६० ते १६६९ ची आपली डायरी लघुलिपीत, म्हणजे शॉर्टहँडमध्ये लिहिली. त्याच्या मृत्यूनंतर शंभरहून जास्त वर्षांनी ती कुणीतरी बसून उलगडली.

मोडी येईपर्यंतचा उपाय: जे फारच खाजगी आहे ते सुट्या कागदावर लिही आणि फाडून टाक. लिहिण्याचा उपयोग फाडल्याने कमी होत नाही.

वडील गेल्यापासून मन थाऱ्यावर नाही. मैत्रीण म्हणते, लिही म्हणजे मोकळं होशील. लिहायला बसले की उलट जास्त रडू येतं. चुकतंय का काही? (एक वाचक, ठाणे)

तुमचं काही चुकत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या क्लेशकारक प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं होतं. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिलं त्यांना लगेचच जास्त उदास वाटलं, पण पुढच्या महिन्यांत ते दवाखान्यात कमी वेळा गेले. नंतर असे खूप प्रयोग झाले. एकूण परिणाम माफक दिसतो, आणि सगळ्यांना सारखा होत नाही. तेव्हा रडू येणं अपेक्षितच आहे, पण त्याला मर्यादा घाला.

घड्याळ लावून १५ मिनिटंच लिहा, चार दिवस, आणि मग थांबा. रात्री उशिरा नको. लिहून झाल्यावर लगेच माणसांत जायचं आहे अशी वेळ निवडा, संध्याकाळी फिरायला जाण्याच्या आधी वगैरे. शुद्धलेखन, वाक्यरचना काही बघू नका. चारही दिवस एकच प्रसंग त्याच शब्दांत उतरत असेल तर ते घोळवणं होतं, त्याने मन जास्त रुतत जातं. पेनबेकर यांना पुढे असं आढळलं की ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक ‘कारण’, ‘लक्षात आलं’ अशा अर्थाचे शब्द वाढत गेले त्यांना जास्त फायदा झाला. म्हणून पहिल्या दिवशी काय झालं ते लिहा, तिसऱ्या-चौथ्या दिवशी ‘मला सगळ्यांत जास्त काय बोचतंय आणि का’ इकडे वळा. वडिलांना थेट उद्देशून पत्र लिहिलंत तरी चालेल.

दुःख अगदी ताजं असेल, काही आठवड्यांचंच, तर हे आत्ता करू नका. दिवसाच्या साध्या तीन ओळी पुरेत. लिहिताना सहन होईनासं झालं तर पेन खाली ठेवा, विषय बदला, त्यात हार नाही. झोप उडाली आहे, जेवण जात नाही, जगावंसं वाटत नाही असं असेल तर वहीच्या भरवशावर राहू नका. डॉक्टरांना भेटा, किंवा १४४१६ या क्रमांकावर सरकारच्या टेलि-मानस सेवेला फोन करा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

नोकरीमुळे जर्मनीत असतो. वही बाळगण्यापेक्षा फोनवर मराठीत लिहिलं तर? (एक वाचक, म्युनिक)

जरूर लिहा. हाताने लिहिताना गती कमी होते आणि विचार थोडा थांबतो, हा वहीचा फायदा. पण परगावी, ट्रेनमध्ये, चार मिनिटांत लिहून होतं हा फोनचा फायदाही छोटा नाही. दोन गोष्टी सांभाळा. एक, सूचना बंद करून, विमान मोडवर लिहा, नाहीतर दुसऱ्या ओळीलाच व्हॉट्सॲप उघडेल. दुसरी मोठी: दहा वर्षांनी हे उघडेल का? श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटात वीस वर्षांपूर्वी टाईप केलेल्या मराठी फायली आज कितीतरी लोकांच्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा खिचडा होऊन पडल्या आहेत. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर आणि फोनवर सारख्याच चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, लिहिलेलं तसं होत नाही, आणि फोनचा मराठी कळफलक युनिकोडच देतो. डायरीचं ॲप वापरत असाल तर सगळा मजकूर साध्या टेक्स्ट किंवा पीडीएफ रूपात बाहेर काढता येतो का ते पहिल्याच दिवशी करून बघा. येत नसेल तर ते ॲप नको. ॲपवाले दुकान बंद करतात तेव्हा मजकूरही जातो. महिन्याची एक फाईल, नाव ‘२०२५-०५’ असं ठेवलं की आपोआप क्रमाने लागतात. दर तीन महिन्यांनी एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक क्लाउडवर. पासवर्ड, पिन, बँकेचे तपशील डायरीत कुठेच नकोत.

तिकिटं, बिलं, पत्रिका डायरीत चिकटवाव्यात का? (एक वाचक, पणजी)

लग्नपत्रिका, नाटकाचं छापील तिकीट खुशाल चिकटवा. सेलोटेप मात्र नको, तो पिवळा पडून कागदावर तपकिरी पट्टा सोडतो. ग्लू स्टिक पुरे. दुकानाचं बिल, एटीएमची पावती, एसटीच्या यंत्रातून निघणारं तिकीट हे थर्मल कागदावर असतं. त्यात शाई नसते, उष्णतेने अक्षर उमटतं, आणि ते काही महिन्यांत-वर्षांत पुसट होतं. गोंद किंवा प्लॅस्टिक लागलं तर आणखी लवकर. लॅमिनेशन केलंत तर सगळंच काळं पडेल. त्याची झेरॉक्स काढून ती चिकटवा, किंवा शेजारी हाताने लिहून ठेवा: कुठून कुठे, किती वाजता, किती रुपये.

वय ७२. हात थरथरतो, तीन-चार ओळींच्या वर लिहवत नाही. आता सुरू करण्यात अर्थ आहे का? (एक वाचक, सांगली)

तुमच्यासाठी पाच वर्षांची डायरी उत्तम. तिच्यात एका पानावर एकच तारीख, आणि त्या पानाचे पाच भाग, दर वर्षाला एक. १२ जूनच्या पानावर यंदा चार-पाच ओळी लिहायच्या, पुढच्या वर्षी १२ जूनला त्याच्या खालच्या भागात. लिहिताना वरचं आपोआप वाचलं जातं: गेल्या वर्षी या दिवशी पाऊस कुठे होता, घरी कोण आलं होतं.

ती विकत शोधायला नको. चार दस्त्यांचं फुलस्केप रजिस्टर घ्या. दस्त्यात २४ ताव, प्रत्येक तावाची चार पानं, म्हणजे साधारण ३८४ पानं होतात. तुम्हाला २९ फेब्रुवारी धरून ३६६ लागतात. हल्ली काही कंपन्या पानं कमी घालतात, दुकानातच आकडा बघून घ्या. पानावर ३३-एक ओळी असल्या तर वरची तारखेला, आणि पाच वर्षांना सहा-सहा. सुरुवात आजच्या तारखेच्या पानापासून करा, जानेवारीची वाट बघू नका. पानांवर तारखा घालायचं आणि रेघा मारायचं काम नातवंडांकडून करून घ्या. पेन जाड, रबरी पकडीचं आणि एक मिलिमीटर टोकाचं असू दे, ते कमी दाबात चालतं. हात फारच थरथरेल त्या दिवशी तुम्ही सांगा आणि घरातल्या कुणीतरी लिहावं. खाली लिहिणाऱ्याचं नाव घालायला विसरू नका.